आंबोली ते कॅसलरॉक: जंगलातल्या एका रेडिओ केंद्राच्या वाटेवर

दाणोली सोडली की आंबोलीचा घाट सुरू होतो आणि गाडीच्या काचेवर धुकं बसायला लागतं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं हे गाव. धबधब्यापाशी कणसं आणि चहाच्या टपऱ्यांवर गर्दी होती. मी मात्र तिथं फार थांबलो नाही. मला बघायचं होतं ते रान, जिथून १९५५ च्या नोव्हेंबरात एक गुप्त रेडिओ केंद्र बोलू लागलं. त्याचं नाव ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’. पोर्तुगीज भाषेत ‘वोज द लिबरदाद’.

त्या वर्षी काय घडलं होतं ते आठवल्याशिवाय या रानाचा अर्थ लागत नाही. १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, अनेकजण मारले गेले. मग भारतानं सीमा बंद केली, रेल्वे थांबली, पुढचे सत्याग्रहही थांबवले गेले. गोव्यातल्या माणसाला बाहेरची खबर मिळायची वाटच उरली नाही. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि पणजीतलं ‘एमिसोरा द गोवा’ हे सरकारी केंद्र पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या बाजूचंच सांगणार. अशा वेळी सीमेपलीकडं पोहोचू शकत होता तो फक्त आवाज.

तो पोहोचवायचं काम वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी अंगावर घेतलं. सुरुवातीला निकोलाव मिनेझिसही सोबत होते. लिबिया मुंबईत कायदा शिकलेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सेन्सॉर खात्यात इटालियन युद्धकैद्यांच्या पत्रांचं भाषांतर केलेलं, आकाशवाणीतही नोकरी केलेली. शहरात सुखानं करिअर घडवता आलं असतं अशी ही तरुण मुलगी साप-जनावरांच्या रानात येऊन राहिली. यंत्रसामग्रीची हकीकतही ऐकण्यासारखी आहे: १९५४ साली दादरा-नगर हवेली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगीजांचे बिनतारी संच हाती लागले होते, तेच इथं कामाला लावले. त्यांचंच यंत्र त्यांच्याविरुद्ध! पहिलं प्रसारण २५ नोव्हेंबरला झालं. १५१० साली पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं गोवा जिंकला तीही हीच तारीख.

आंबोलीहून बेळगावकडं उतरताना रस्ता चांगला आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. बेळगाव, खानापूर, लोंढा. लोंढ्याला मी गाडी सोडून रेल्वे धरली, कारण कॅसलरॉक रुळांवरूनच गाठावं असं मनात होतं. तिनईघाट मागं पडलं की जंगल डब्याच्या खिडकीला घासायला लागतं.

केंद्र आंबोलीहून पुढं इकडं हललं. कॅसलरॉक म्हणजे भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातली तेव्हाची हद्द. इथपर्यंत भारताची रेल्वे, इथून खाली मुरगावपर्यंत पोर्तुगीज हद्दीतली. घाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ, म्हणून वर येणाऱ्या गाड्यांना आजही जादा इंजिनं लागतात. फलाटाच्या टोकाला उभा राहिलो तेव्हा पलीकडं नुसती झाडं. वर्षानुवर्षं माणसांच्या वस्तीपासून तुटून राहायचं, रोज बातम्या मिळवायच्या, संहिता लिहायची, यंत्र सांभाळायचं, ठरल्या वेळेला बोलायचं. आजारी पडलो म्हणून सुट्टी नाही. लिबिया आणि वामन यांनी हे सहा वर्षं केलं. कोकणीतून लोकांसाठी, पोर्तुगीजमधून अधिकाऱ्यांसाठी आणि सैनिकांसाठी, म्हणजे दोघांनाही एकच खबर पोहोचायची. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत काय पेटलंय, दिल्लीत कोण काय बोललं, हे गोव्यातले लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकत. मला वाटतं, या लढ्यात सत्याग्रहींइतकंच मोल या रोजच्या चिकाटीला आहे, आणि ते आपण दिलेलं नाही. स्टेशनात या केंद्राची आठवण सांगणारा फलक मला कुठं दिसला नाही. तो असायलाच हवा, कोकणी, मराठी आणि कानडी तिन्ही भाषांत.

१९६१ च्या डिसेंबरात भारताचं सैन्य हललं. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरण यावं हे आवाहनही याच केंद्रावरून गेलं. १९ डिसेंबरला शरणागती झाली आणि लिबिया व वामन हवाई दलाच्या विमानात बसले. विमानाला ध्वनिक्षेपक लावलेला. गोव्याच्या आकाशात घिरट्या घालत त्यांनी पोर्तुगीज आणि कोकणीत सांगितलं की गोवा मुक्त झाला, आणि पत्रकं खाली टाकली. ४५१ वर्षांची राजवट संपल्याची बातमी! सहा वर्षं झाडांआड लपून बोललेल्या माणसांना ती उघड्या आभाळातून सांगता आली, हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

केंद्राचं काम तिथंच संपलं. पुढं दोघांनी लग्न केलं. वामन सरदेसाई आफ्रिकेतल्या अंगोलात भारताचे राजदूत झाले, ज्या अंगोलाच्या बातम्या त्यांनी रानातून दिल्या होत्या. लिबियाबाई गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक झाल्या. शंभरी ओलांडल्यावर, २०२५ साली, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दूधसागर बघायला या मार्गानं गाडीत बसणाऱ्यांनी कॅसलरॉकला गाडी थांबली की डब्यातल्या पोरांना ही गोष्ट जरूर सांगावी.