दोन करारांमधलं पान

पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरा झाल्याचे सरळ उल्लेख दोनच, आणि दोन्हींना गालबोट लागलेलं. उत्पत्तीच्या 40व्या अध्यायात फारोचा वाढदिवस येतो. त्या दिवशी राजाच्या मुख्य आचाऱ्याला फाशी होते. मार्कच्या 6व्या अध्यायात हेरोदाचा येतो. त्या मेजवानीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात घालून आणतात. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेन याने यावर नेमकं बोट ठेवलं होतं: जन्मदिवसाचा सोहळा पापी लोकच करतात, धार्मिक माणसं त्या दिवसाला शाप देताना दिसतात. ईयोबाचा 3रा अध्याय वाचलेल्याला हे पटायला वेळ लागत नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) ‘जन्मदिवस’ म्हणजे हुतात्म्याचा मरणाचा दिवस. स्मुर्णाचा हुतात्मा बिशप पॉलिकार्प याने मरणापूर्वी, 86 वर्षं ख्रिस्ताची सेवा केली, असं सुनावलं होतं. पन्नाशीला ‘आता काय राहिलंय’ म्हणून सुस्कारे टाकणाऱ्याने हा आकडा जवळ ठेवावा.

पण पन्नासाव्या वाढदिवसाचा दिवस तर उजाडतोच. त्या दिवशी करण्यासारखं एक काम आहे, फारसा गाजावाजा नसलेलं. घरात जुनं, जाडजूड कौटुंबिक बायबल असेल तर ते टेबलावर घ्यावं आणि जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक मलाखी संपून नव्यातलं पहिलं, मत्तय, सुरू होतं तिथे उघडावं. बऱ्याच जुन्या आवृत्त्यांत तिथे दोन-चार कोरी, आखलेली पानं असतात: जन्म, विवाह, मृत्यू. हे पान पुस्तकाच्या ‘मधे’ आहे असं म्हणायची पद्धत आहे, पण हाताला ते लगेच खोटं वाटतं. जुन्या कराराचे अध्याय 929, नव्याचे 260. म्हणजे पाऊणच्या पुढे पुस्तक डाव्या हाताखाली गेलेलं असतं. पन्नाशीला मध्यमवय म्हणणंही त्याच जातीचं. 90वं स्तोत्र माणसाला सत्तर वर्षं देतं, फार तर ऐंशी. त्या हिशेबाने मध्य कधीच मागे पडला.

त्या पानाला शेजार मात्र नामी मिळाला आहे. मलाखीचं शेवटचं वचन बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची बापांकडे वळवण्याबद्दल आहे. पलीकडे मत्तय उघडतो तो थेट वंशावळीने, चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन रांगा. ती वंशावळ कंटाळवाणी म्हणून आपण उड्या मारत पुढे जातो, पण घरची नोंद लिहिणाऱ्याने ती बोट ठेवून वाचावी. योराम आणि उज्जीया यांच्यामध्ये अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे चक्क गाळलेले आहेत. तिसऱ्या रांगेत मोजायला गेलं तर नावं तेराच भरतात. यखन्या दोनदा धरला तर चौदा. आणि इतक्या काटेकोर कात्रीतून तामार, राहाब, रूथ आणि ‘उरीयाची बायको’ या मात्र सुटत नाहीत. ज्यांच्याबद्दल कुठल्याही घरात आवाज खाली करून बोललं गेलं असतं, नेमकी तीच नावं ठेवलेली.

आपल्या पानावरही असंच काहीतरी झालेलं असतं, आणि ते ओळखता येतं. पहिली गोष्ट, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर छपाईचं वर्ष बघावं. बायबल 1890 साली छापलेलं असेल आणि पहिली जन्मनोंद 1862ची असेल, तर ती नोंद जन्माच्या दिवशी झालेली नाही. कुणीतरी आठवणीतून किंवा जुन्या कागदावरून उतरवलेली आहे. दुसरी, शाई आणि हस्ताक्षर. पाच भावंडांची नावं एकाच हाताने, एकाच शाईत, एका उंचीच्या अक्षरांत लिहिलेली असतील तर ती एका बैठकीतली समजावी. नोंद होता होता वाढलेल्या पानावर शाईचा रंग बदलत जातो, अक्षर म्हातारं होत जातं, मधेच हात बदलतो. खरवडलेली जागा उजेडापुढे तिरकी धरली की कागद तिथे पातळ दिसतो. तिसरी, तारखा. जुन्या इंग्रजी नोंदींत एका जन्माला दोन वर्षं दिसली तर घाबरू नये. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलमध्ये त्याचा जन्म 11 फेब्रुवारी 1731/2 असा आहे, कारण तेव्हा तिथे नवं वर्ष 25 मार्चला लागायचं; 1752मध्ये दिनदर्शिका बदलली आणि तोच दिवस 22 फेब्रुवारी 1732 झाला.

या पानाला एके काळी कागदपत्राचं वजन होतं. अमेरिकी क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा द्यावा लागे. अनेकींनी बायबलमधलं हे पान फाडून अर्जाला जोडलं. ती पानं आजही तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पुस्तकं घरी राहिली, कुटुंब सरकारी फायलीत गेलं.

आता लिहिण्याबद्दल. बायबलचा कागद पातळ, चौरस मीटरला साधारण 30 ते 40 ग्रॅम. नोंदीचं पान बहुधा जरा जाड असतं, पण भरवसा धरू नये. बॉलपेन नको: त्याची तेलकट शाई वर्षानुवर्षं पसरत राहते आणि दाब मागच्या पानावर उमटतो. शाईचा साधा फाउंटन पेनही नको, पाण्याच्या एका थेंबाने आजोबा वाहून जातात. रंगद्रव्याच्या शाईचा, पाण्याला न फुटणारा, 0.3 किंवा 0.5 मिलिमीटर टोकाचा पेन घ्यावा. आधी वेगळ्या कागदावर सगळी ओळ लिहून लांबी मोजावी, कारण आखलेल्या रकान्यात लांब नाव शेवटी हमखास आकसतं. खाली जाड कोरा कागद सरकवावा. वर्ष चारही आकड्यांत, महिना अक्षरात. ‘5/6’ लिहिलं की पन्नास वर्षांनी पाच जून की सहा मे यावर नातवंडांत वाद. बायकांचं माहेरचं नाव लिहावंच. सर्वांत जास्त वाटा इथेच बुजतात. बाप्तिस्म्याची तारीख आणि मंडळीचं नाव जन्माच्या ओळीतच टाकलं तर पुढे कुणाला तरी मंडळीच्या नोंदवहीपर्यंत पोचता येतं. जे ऐकीव आहे त्यापुढे ‘ऐकीव’ असं लिहायला लाजू नये.

जुन्या तपकिरी अक्षरांना हात लावू नये. ती बहुतेक माजूफळ आणि हिराकसाची शाई. आम्ल आणि लोह मिळून कागद खातात, आणि ओलावा लागला की भूक वाढते. गिरवून ठळक करण्याचा मोह फार होतो. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी तर मुळीच नको. पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डिंक कागदात मुरून राहतो. दुरुस्ती करायचीच तर जपानी कोझो कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची (स्टार्चची) पातळ खळ, तीही जाणत्या हाताने. पानांत दाबलेली फुलं, वर्तमानपत्राची कात्रणं, बाळाच्या जावळाची बट, हे सगळं आम्लरहित पाकिटात वेगळं ठेवावं आणि कुठल्या पानातून काढलं ते पाकिटावर पेन्सिलीने लिहावं. फूल कुठे होतं हीसुद्धा नोंद आहे. कुणी मुद्दाम 23व्या स्तोत्रापाशी ठेवलेलं असतं.

वारसा म्हणजे काय ठेवून जायचं, हा प्रश्न पन्नाशीला येतोच. यावर यहूदाचा राजा हिज्कीया याची गोष्ट सांत्वनासाठी सांगतात. मला ती तशी वाटत नाही. तो 25व्या वर्षी गादीवर आला आणि 29 वर्षं राज्य केलं. आजारपणात घराची निरवानिरव कर असा निरोप आला, तो रडला आणि आयुष्याची 15 वर्षं वाढवून मिळाली. म्हणजे आजार ऐन एकोणचाळिशीत. त्याच्यानंतर मनश्शे आला तेव्हा तो 12 वर्षांचा होता. आकड्यांचा सरळ हिशेब धरला तर तो या वाढीव वर्षांतला मुलगा, आणि यहूदाच्या अतिवाईट राजांपैकी एक. मधल्या काळात यशया संदेष्ट्याने पुढच्या पिढीवरचं संकट सांगितलं, तर हिज्कीयाचं उत्तर असं की माझ्या हयातीत तर शांतता आहे ना, मग ठीक. निरवानिरव राहिली ती राहिलीच.

त्यापेक्षा पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचं घर बरं. 2 तीमथ्याच्या पहिल्या अध्यायात पौल त्याच्या विश्वासाचं मूळ सांगतो ते आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी. बाप हेल्लेणी (ग्रीक) होता एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत येतं, नाव नाही. रकाना रिकामा, तरी विश्वास पोचला.

देवाच्या निवासमंडपाची सेवा करणाऱ्या लेव्यांना पन्नाशीचा नियमच होता. गणनेच्या 8व्या अध्यायाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी त्यांनी सेवेचं काम थांबवायचं; त्यानंतर भावांना हातभार लावत पहारा ठेवायचा. हाकलून देत नव्हते, फक्त ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर. नोंदीच्या पानालाही हे लावून बघायला हरकत नाही. या वाढदिवसाची ओळ स्वतः लिहू नये. घरातल्या सर्वांत सुवाच्य अक्षराच्या धाकट्याला पेन द्यावा, तारीख सांगावी, शेजारी बसावं आणि स्पेलिंगवर गप्प राहावं. खाली निदान दहा ओळी कोऱ्या सोडाव्यात. लिहून झाल्यावर टीपकागद दाबू नये, ओली शाई त्यावर उतरते. पुस्तक अर्धा तास तसंच उघडं ठेवावं. पाठीचा कणा ताणू नये म्हणून उजव्या पुठ्ठ्याखाली घडी घातलेला टॉवेल. डावी बाजू जाड, तिला आधार लागत नाही.