तुरुंगापासून समाधीपर्यंत: आक्रामधला एन्क्रुमांचा रस्ता

घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचं स्मारक बघायला लोक टॅक्सीनं थेट उद्यानाच्या फाटकाशी उतरतात. मी म्हणेन, राजधानी आक्राच्या जेम्सटाउन भागातल्या दीपगृहापाशी उतरा. तिथून जवळच जेम्स किल्ला आहे. संप आणि बहिष्काराची हाक दिली म्हणून ब्रिटिशांनी १९५० मध्ये त्यांना इथे डांबलं. फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक ते कोठडीतूनच लढले. आक्रा सेंट्रल मतदारसंघातल्या २३,१२२ मतांपैकी २२,७८० मतं त्यांना पडली, आणि सरकारला त्यांना सोडावं लागलं. किल्ल्यात आत सोडतीलच असं नाही. पण भिंत बाहेरून पाहिली तरी पुढचं सगळं उलगडत जातं.

इथून समुद्र उजव्या हाताला ठेवून पूर्वेला चालायचं, साधारण दोन किलोमीटर. सावली नाहीच म्हणा, त्यामुळे सकाळी लवकर निघा आणि पाणी जवळ ठेवा.

उद्यान म्हणजे पूर्वीचं पोलो मैदान. ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री जिथे उभं राहून त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तिथेच आज त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. तारखांचा घोळ इथे हमखास होतो. त्या रात्री ते पंतप्रधान होते आणि राष्ट्रप्रमुख ब्रिटनची राणी. राष्ट्राध्यक्ष झाले ते १ जुलै १९६० ला, देश प्रजासत्ताक झाला तेव्हा. संगमरवरी समाधीचं उद्घाटनही १ जुलैलाच झालं, १९९२ मध्ये. तिच्या आकारात कुणाला उलटी तलवार दिसते, कुणाला वरून तोडलेलं झाड. आत पत्नी फातिया यांचंही थडगं आहे. १९७२ मध्ये बुखारेस्टला निधन झाल्यावर एन्क्रुमांचा देह आधी गिनीची राजधानी कोनाक्रीत, मग जन्मगावी न्क्रोफुलला आणि शेवटी इथे आला.

समाधी बघून लगेच परत फिरू नका. उद्यानातच त्यांचा शीर नसलेला जुना पुतळा आहे. २४ फेब्रुवारी १९६६ ला ते पेकिंगला (आजचं बीजिंग) असताना लष्करानं सत्ता घेतली आणि जमावानं तो पाडला. तो राग उगाच नव्हता: १९५८ पासून विनाचौकशी अटकेचा कायदा होता, १९६४ पासून एकच पक्ष, आणि स्वातंत्र्यलढ्यातले जुने सहकारी डानक्वा १९६५ मध्ये तुरुंगातच वारले होते. पुतळ्याचं डोकं पुढे परत मिळालं. ते शेजारी वेगळ्या चौथऱ्यावर ठेवलंय, धडाला जोडलेलं नाही. मला ते फार योग्य वाटतं.