तुम्ही विचारलंत म्हणून : पोरगी खेळतीय, पण पुढं काय?

"बाई, पोरगी चांगली खेळती, तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार. पण पुढं काय?"

दर जूनमध्ये शाळेच्या फाटकापाशी, गाडी बंद न करता, एक पाय जमिनीला टेकवून मुलींना फुटबॉल शिकवणाऱ्या मला कुणीतरी हे विचारतंच. कधी आई, बहुतेकदा वडील. गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांनी विचारलं आणि मी घाईत काहीतरी बोलून गेले. घरी आल्यावर ते उत्तर मलाच पटेना. म्हणून आता नीट सांगते.

कोल्हापुरात मुलाच्या बापाला हा प्रश्न पडत नाही. पाटाकडील की दिलबहार, शिवाजी की खंडोबा, यांतला कुठला फुटबॉल संघ आपला, हे पोरगं चालायला लागायच्या आधीच घरात ठरलेलं असतं. पुढं काय, तर तालमीचा संघ, शाहू स्टेडियम आणि भरलेली गॅलरी. त्यातून पोट भरेल न भरेल, पण हंगाम आला की मॅच आहे एवढं नक्की. मुलींच्या वाट्याला हे 'नक्की' येत नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्याभोवतीच आहे.

पण तुमच्या मनात नोकरी आहे, म्हणून आधी नोकरीचं. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, हे तुम्हाला माहीत असेल. देशभरात बघितलं तर मुलींचं फुटबॉल बराच काळ पोलीस, रेल्वे आणि निमलष्करी दलांनीच सांभाळलं. २०१८-१९ च्या राष्ट्रीय लीगची फायनल खेळलेला एक संघ चक्क मणिपूर पोलिसांचा होता. ५ जुलै २०२५ ला थायलंडच्या च्यांग माईमध्ये भारताने थायलंडला २-१ हरवलं आणि आपल्या मुली पहिल्यांदाच पात्रता फेरी खेळून आशिया चषकाला पोचल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. तेव्हा वाट आहे. अरुंद आहे, पण आहे.

मला मात्र पोरीसाठी आधी दुसराच आकडा हवा असतो : वर्षाला किती मॅच?

मी प्रत्येक मुलीची वही ठेवते. तारीख, कुणाविरुद्ध, किती मिनिटं. बाकी रकाने नाहीत. गोल किती मारले तेही मी लिहीत नाही, ते मुलींना तोंडपाठ असतं. अशा दहा-बारा वह्या समोर घेऊन बसलं की प्रॅक्टिसला रोज येणारी मुलगी आणि मॅच खेळलेली मुलगी यांच्यातला फरक दिसतो. प्रॅक्टिसमध्ये पाय तयार होतात. डोकं मॅचमध्येच तयार होतं. समोरची फॉरवर्ड डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मैदानात ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून बॉल फिरवून शिकवता येत नाही.

आता राष्ट्रीय लीगला हीच वही लावून बघा. इंडियन विमेन्स लीगची मुख्य फेरी पहिल्यांदा झाली ती जानेवारी-फेब्रुवारी २०१७ मध्ये, दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर. सहा संघ. आपला एफसी पुणे सिटी त्यात होता. हरियाणातल्या अलखपुरा गावाचा संघ होता. भिवानी जिल्ह्यातलं गाव, जिथल्या पोरींनी फुटबॉलनं गावाचं नाव देशभर नेलं. इम्फाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने फायनलमध्ये कटकच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३-० हरवलं. फायनलपर्यंत गेलेल्या मुलीच्या वहीत मुख्य फेरीचे सात सामने भरले, आणि तेही तीन आठवड्यांच्या आत. जी फायनलला पोचली नाही तिचे पाच किंवा सहा. मग बॅग भरायची आणि पुढच्या वर्षीची वाट बघायची. नाव लीगचं, पण होती ती एका गावात भरवलेली स्पर्धाच.

तरी ती भरली याचा आनंद मला आजही आहे. भारताची माजी कर्णधार बेमबेम देवीसारख्या खेळाडूने अख्खी कारकीर्द देशात अशी लीग नसताना काढली आणि शेवटी शेवटी तिला ती बघायला मिळाली. पुढची वर्षं शिलाँग, लुधियाना, बंगळुरू अशी गावं बदलत गेली. लुधियान्याला आणि बंगळुरूला कोल्हापूरच्या नावाचा संघ होता! तेव्हा माझ्या मुली मोबाईलभोवती डोकी एकत्र करून बसायच्या. आपल्या गावाचं नाव मुलींच्या संघापुढे छापलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच सुमारास माझी एक मुलगी एका क्लबाकडून अशाच एका स्पर्धेला गेली. क्लबाचं नाव सांगत नाही. जाताना आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो होतो, तिच्या आईने भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. तीन मॅच ती बाकावर बसली, चौथीत वीस मिनिटं खेळली. परत आल्यावर मी वहीत '२०' लिहिलं. पुढचे नऊ महिने त्या वहीत काहीच लिहिता आलं नाही. ती रोज सकाळी सहाला मैदानावर यायची, पण मॅच नव्हती. बारावीनंतर तिने खेळ सोडला. ती कमी पडली असं मला कधीच वाटलं नाही. वीस मिनिटांत कुणाला काय कळणार होतं?

२०२०-२१ चा हंगाम कोविडने गेला. २०२१-२२ ला ओडिशात बारा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले, म्हणजे प्रत्येकीचे अकरा सामने. गोकुलम केरळ जिंकली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचली. तिथे पोचल्यावर बातमी आली की फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलंय. सामान घेऊन पोचलेल्या मुली एकही मॅच न खेळता परत आल्या. निलंबन ऑगस्ट संपायच्या आत उठलं, पण स्पर्धा निघून गेली होती. मोठ्यांच्या कारभाराची शिक्षा मुलींच्या वहीने भोगली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग डिसेंबर २०२३ उजाडला आणि माझ्या दृष्टीने तेव्हा ही लीग खऱ्या अर्थाने लीग झाली. सातच संघ, पण प्रत्येकाशी दोनदा खेळायचं : एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. बारा सामने, डिसेंबर ते मार्च. ओडिशा एफसी जिंकली. पुढच्या हंगामात आठ संघ, चौदा सामने, आणि ईस्ट बंगाल विजेते. खाली दुसऱ्या श्रेणीची लीगही सुरू झाली, म्हणजे चढायला आणि घसरायला जागा झाली. आदल्या वर्षी जिंकलेली ओडिशाच घसरली, यावरून स्पर्धा किती कसाची आहे ते बघा.

दोनदा खेळण्याचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. २०२४-२५ ला गोकुलमकडून युगांडाची फाझिला इक्वापुट खेळत होती. त्या एका हंगामात तिने २४ गोल केले. समजा तुमची मुलगी स्टॉपर, म्हणजे मधली बचावपटू आहे आणि फाझिलाने तिला पहिल्या मॅचमध्ये तीनदा चुकवलं. जुन्या पद्धतीत ती रडत घरी आली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. आता काही आठवड्यांनी तीच फाझिला पुन्हा समोर येते. मधल्या दिवसांत मुलगी व्हिडिओ बघते, कोचशी बोलते, झोपेतसुद्धा फाझिलाचाच पाय बघते. दुसऱ्या मॅचला ती तीनऐवजी एकदा चुकते. खेळाडू घडतो तो असा.

पैशाचंही सांगते, लपवत नाही. २०२३ मध्ये महासंघाने ठरवलं की वरच्या आठ क्लबांनी किमान दहा भारतीय मुलींना वर्षाला निदान ३ लाख २० हजारांचा करार द्यावा. महिन्याला साधारण सव्वीस-सत्तावीस हजार. श्रीमंती नाही, पण घरी 'मी कमावते' म्हणता येतं. आणि सामने अजूनही कमीच आहेत. चौदा सामन्यांची लीग चालू होती त्याच हंगामात पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमध्ये प्रत्येक संघ साखळीतच चोवीस खेळला.

मला सगळ्यात बोचतं ते वेगळंच. एका गावात स्पर्धा भरायची तेव्हा पुणे, कोल्हापूर, मुंबई यांतलं कुणी ना कुणी बऱ्याच वर्षी तिथे असायचं. घरचं-बाहेरचं सुरू झालं त्या पहिल्या दोन हंगामांत वरच्या श्रेणीत महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता. कोझिकोड, भुवनेश्वर, बंगळुरू, कोलकाता, दिल्ली, सगळे होते. घरचं मैदान मिळायची सोय झाली आणि नेमके आपणच घरी नव्हतो. फुटबॉलसाठी जीव टाकणाऱ्या या गावात पैसा नाही म्हणून असं झालं, हे मी मानणार नाही. पेठांमधल्या संघांच्या एका फायनलला जेवढी माणसं येतात, तेवढ्यांनी मनावर घेतलं तर मुलींचा एक संघ दुसऱ्या श्रेणीत उभा राहू शकतो. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर राष्ट्रीय पातळीवरच्या प्रशिक्षक झाल्या, त्याही याच मातीतल्या.

तेव्हा भाऊ, पुढं काय याचं माझं उत्तर असं : नोकरीचं वचन मी देत नाही, मॅचचं देते. पोरीला शनिवारी घेऊन या. आणि कुठल्याही क्लबाने, ॲकॅडमीने बोलावलं तर फी आणि ड्रेस नंतर विचारा, आधी विचारा, वर्षात किती मॅच आणि त्यात ही किती मिनिटं खेळणार.

तिची वही मी उघडून बघितली. जूनपासून चार सामने, दोनशे दहा मिनिटं. मंगळवारी इचलकरंजीच्या मुली येतायत. गेल्या वेळी त्यांच्या फॉरवर्डने हिला दोनदा चुकवलं होतं.