वेग ओसरल्यावर

लॉन बोल्स म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळत सोडून एका छोट्या गोळ्याच्या जवळ नेण्याचा खेळ. तो पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, खेळाडूचा नेम पार चुकला. जॅक, म्हणजे तो छोटा पांढरा गोळा, समोर मधोमध; आणि चेंडू सोडलाय भलतीकडेच. निम्मी वाट तो बऱ्यापैकी सरळ जातो, मग कलायला लागतो, आणि शेवटच्या काही मीटरांत असा वळतो की थेट जॅकला खेटतो.

संशय आधी मनगटावर जातो. पण फिरकीचा इथे संबंध नाही. हा चेंडू मुळात गोलच नसतो. त्याचे दोन गाल सारखे नसतात, त्यामुळे वजनाचा मध्य किंचित एका अंगाला सरकलेला असतो. यालाच बायस म्हणतात. पूर्वी त्यासाठी आत शिसं भरत. आता सगळी करामत आकाराची.

मग तो सुरुवातीपासूनच का वळत नाही? जमिनीवर एखादं नाणं घरंगळत सोडून बघा. वेगात असताना ते ताठ धावतं. मंदावलं की कलतं, आणि कलेल तिकडे वळतं. चेंडूला एका अंगाला ओढणारा जोर पहिल्यापासून तेवढाच असतो. फक्त वेगाने फिरणारी वस्तू आपल्या आसाची दिशा सहजी सोडत नाही. वेग निम्मा झाला की दिशा दुप्पट झपाट्याने बदलते. म्हणून जॅकजवळची चेंडूंची गर्दी उधळायला जीव खाऊन मारलेला चेंडू जवळजवळ सरळ जातो. वळायला त्याला उसंतच मिळत नाही. (मला तो फटका बघायला आवडत नाही. एवढा बायस घडवायचा कशाला मग?)

हिरवळीचा वेग मोजण्याची रीत तर मजेशीर. चेंडूला २७ मीटरांवर जाऊन थांबायला किती सेकंद लागले ते बघतात, आणि जास्त सेकंद लागले तर हिरवळ ‘वेगवान’! घसरड्या गवतावर चेंडू हळू सोडला तरी पुरतो, म्हणून वेळ जास्त. तिथे तो रेंगाळतो आणि वळतोही जास्त. नेम आणखी बाहेर धरावा लागतो.

बायस कुठल्या अंगाला आहे ते कळावं म्हणून चेंडूच्या त्या बाजूवर लहान चिन्ह असतं, दुसऱ्या बाजूवर मोठं. लहान चिन्ह वळणाच्या आतल्या बाजूला ठेवायचं, एवढंच. तरीही मुरलेल्या खेळाडूच्या हातून कधीतरी चेंडू उलटा सुटतो आणि शेजारी खेळणाऱ्यांच्या पट्ट्यात जाऊन बसतो.