भत्त्याची पुडी आणि पाच शब्द

गंगापूर रोडला एक काम होतं, ते झालं नाही. साहेब जेवायला गेले होते आणि कधी येतील ते शिपायालाही सांगता येईना. म्हणून कोपऱ्यावरच्या गाडीवर भेळभत्ता घेतला. दुपारी तीन वाजता भत्ता खाऊ नये, पित्त होतं, हे मला माहीत आहे. भत्तेवाल्याने वरून कांदा आणि तळलेली मिरची टाकून पुडी हातात दिली, आणि मी सावलीला उभा राहून खायला लागलो. निम्मा भत्ता पोटात गेला तेव्हा कागदावरची अक्षरं दिसायला लागली.

कुणाच्या तरी वहीचं पान होतं. दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने केलेले. शब्द, अर्थ, वाक्य. अबंडंट, विपुल. कँडिड, मोकळ्या मनाचा. रिलक्टंट, नाखूश. निळ्या शाईतलं गोलसर अक्षर, बहुतेक मुलीचं, आणि प्रत्येक ओळीला बाईंची की सरांची लाल बरोबरची खूण. तेल झिरपून कागद आरपार दिसायला लागला होता, त्यामुळे मागच्या बाजूची गणितं शब्दांच्या मधून डोकं वर काढत होती. शेवटच्या ओळीत नुसतं 'ऑब्स्टिनेट' लिहिलेलं. पुढचा अर्थ भत्तेवाल्याने नेमका फाडून दुसऱ्या कुणाच्या तरी पुडीला दिला होता.

त्या शब्दाचा अर्थ मला येत नाही असं नाही. पण जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं झालं. पुडी टाकवेना. झटकून, घडी घालून खिशात ठेवली. शर्टाला तेल लागलं ते लागलंच.

आमचे अण्णा नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. ही प्रेस १९२८ पासूनची, आणि आमच्या भागात 'प्रेसमध्ये आहेत' एवढं म्हटलं की लग्नं जुळायची. नोटा छापणाऱ्या माणसाच्या घरी महिनाअखेरीला उसनवारी कशी चालते, हे पाहुण्यांना कळत नसे. अण्णांना एक खोड लागली होती. कुठलाही कागद हातात आला की तो आधी उजेडाकडे धरायचा, मग वाचायचा. लाइटबिल, लग्नपत्रिका, माझं प्रगतिपुस्तक, सगळं खिडकीकडे धरून बघायचे. आत वॉटरमार्क आहे का, ही दिवसभराची सवय घरी आल्यावरही हातातून जात नसे. माझ्या प्रगतिपुस्तकात वॉटरमार्क कधी सापडला नाही. इंग्रजीचे मार्क मात्र उजेडाकडे न धरताही दिसायचे.

तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं, आमचं सगळं उरकल्यावर. अण्णांनी त्यावर उपाय काढला. रोज एक पान फाडायचं कॅलेंडर भिंतीवर असायचं. कालच्या तारखेच्या पानाच्या पाठीवर ते पेन्सिलीने पाच शब्द लिहायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला टोचायचे. 'रोज पाच. वर्षाचे १,८२५. दहा वर्षांत १८,२५०. पुढे मग कुणी अडवायचं नाही तुला.' लीप वर्षाचे पाच त्यांनी हिशेबात धरले नव्हते, ते मी दाखवून दिलं, तर म्हणाले, ते बोनस.

शब्द ते डिक्शनरीतून काढायचे, त्यामुळे उच्चार डोळ्यांनी केलेले असायचे. डेब्टला 'डेब्ट' म्हणायचे, चांगला ठसठशीत 'ब' लावून. शाळेत सरांनी 'डेट' सांगितलं आणि मी घरी येऊन दुरुस्ती केली, तेव्हा ते चिडले नाहीत, पण हललेही नाहीत. 'ब लिहिलाय ना? मग तो गेला कुठे? आमच्याकडे एक कागद हिशेबात कमी आला तर माणसं घरी सोडत नाहीत.' कर्नलचं तेच, सायकॉलॉजीतल्या पहिल्या 'प'चं तेच. इंग्रजांनी एवढी अक्षरं फुकट बसवून ठेवली आहेत याचा त्यांना शेवटपर्यंत राग होता. मीही त्यांचाच मुलगा. 'एपिटोम' हा शब्द मी तिशी उलटेपर्यंत 'होम'च्या चालीवर म्हणत होतो, भर मीटिंगमध्ये, आत्मविश्वासाने. तो 'इपिटमी' आहे हे एका मुलीने मला चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगितलं. तिचे उपकार.

शाळेतली एकच गोष्ट लख्ख आठवते. अनेकवचनांचा तास होता. गूसचं गीस, टूथचं टीथ, फूटचं फीट. मग सरांनी मंगूस विचारलं. मी हात वर करून 'मंगीस' म्हणालो. सगळा वर्ग हसला, आणि 'मंगूसेस' दहा वेळा लिहून आणायची शिक्षा झाली. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की तो शब्द आपलाच. आपलं मुंगूस पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेलं, आणि गूसशी त्याचं कसलंच नातं नाही. म्हणजे मला मराठी मुंगसाचं इंग्रजी अनेकवचन चुकलं म्हणून दहा ओळी पडल्या होत्या. एक असलं तर मुंगूस आणि पाच असली तर मुंगसं, हे तेव्हा सरांना सांगायला हवं होतं. पण असली उत्तरं कधी वेळेवर सुचत नाहीत.

बारावीनंतर कॉलेज रोडला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला. तिथले सर भर एप्रिलात टाय लावून यायचे. त्यांचा सगळा भर इडियम्सवर. वाक्यात एक इडियम टाकली की समोरचा गार, असं त्यांचं म्हणणं. पावसासाठी मांजरं-कुत्री आली, तेव्हा पंचवटीतल्या एका मुलाने विचारलं की आमच्याकडे दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं म्हणतात, ते चालेल का? गोदावरीचा पूर आम्ही सगळे त्या मारुतीवरच मोजतो. कमरेला लागला, छातीला लागला, गळ्याशी आला. सर म्हणाले, चालणार नाही. मला आजही वाटतं चालायला हवं होतं. मांजरात आणि कुत्र्यात पाऊस मोजता येत नाही.

त्या क्लासच्या जोरावर सातपूरच्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. मी सुरुवातच केली, आय वॉज बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून इन माय माउथ. मला ती इडियम म्हणून अर्धवट ठाऊक होती, पण माझ्या डोळ्यांपुढे खरा चमचा होता. माझ्या उष्टावणाला आत्याने दिलेला, सराफ बाजारातून घेतलेला, दांड्यावर माझं नाव कोरलेला. त्यानेच आईने मला पहिली खीर भरवली, त्याचा फोटोही घरी आहे. चांगल्या घरातला, हौसेने वाढवलेला मुलगा, एवढंच मला सुचवायचं होतं. मधले साहेब चष्मा काढून हसले आणि मराठीत म्हणाले, 'मग नोकरी कशाला पाहिजे तुम्हाला?' मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या फीसाठी तो चमचा ज्या दुकानातून आला होता तिथेच परत गेला होता, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. खरं तर मराठीतही आलं नसतं.

नोकरी लागेना तेव्हा दुपारी सावानात जाऊन बसायचो. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, आणि तिथल्या पंख्याचा वारा फुकट. एकदा 'डूम'चा अर्थ बघायला जाडजूड इंग्रजी कोश उघडला, तर त्याच्या जरा वरच 'डूलॅली' बसलेला. अर्थ, वेडा, डोकं फिरलेला. आणि पुढे त्याचं कूळ दिलेलं, देवळाली! आमची देवळाली. मुंबईहून येताना नाशिकरोडच्या आधीचं स्टेशन. गोऱ्या शिपायांची नोकरीची मुदत संपली की त्यांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवायचे, जहाज मिळेपर्यंत. जहाजं सुटायची साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे जो एप्रिलात येऊन पडला तो दिवाळीपर्यंत अडकला. काम नाही, ऊन, हिवताप, दारू. मग एखाद्याचं डोकं फिरलं की बाकीचे म्हणायचे, ह्याला डूलॅली टॅप झाला. हा टॅप म्हणजे आपला ताप.

मुंबईची माणसं हवा पालटायला जिथे यायची, तिथे ह्यांना वेड लागलं! मी त्या दुपारी एकटाच हसत बसलो होतो. पण त्या शिपायांचं मला फारसं नवल वाटलं नाही. मीही एप्रिलपासून जहाजाची वाटच बघत होतो.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी स्पेलिंग लिहून घेतलं, कागद सवयीने उजेडाकडे धरला, आणि म्हणाले, 'हा पाचात धरायचा नाही. आपल्याच गावाचं नाव आहे, ह्याला शिकणं कसलं?' त्या दिवशी पाच वेगळे लिहिले.

हे सगळं चाललेलं असताना आई आत पोळ्या करत असायची. सातवी झालेली. खिळ्याला टोचलेलं पान तिच्या डोळ्यांसमोर दिवसभर, आणि संध्याकाळी मी मोठ्याने पाठ करायचो ते कानावर. माझे निम्मे शब्द परीक्षा झाली की गळून गेले. तिचे राहिले, कारण तिने ते वापरायला काढले. 'दूधवाला आज जरा रिलक्टंट दिसला, मागची बाकी राहिलीय ना.' 'सून कँडिड आहे हो तिची, पण सासूला झेपत नाही.' एकदा उन्हाळ्यात नळाला पाणी आलं नाही तेव्हा शेजारच्या काकूंना म्हणाली, आज पाण्याची अबंडंट टंचाई आहे. अण्णांनी आतून चूक सांगितली. ती म्हणाली, 'टंचाई भरपूर आहे की नाही, ते सांगा.'

अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. कॅलेंडर आता महिन्याचं आहे, त्याची पानं फाडत नाहीत.

तर मी घरी आलो. आई मटार सोलत होती. शर्टाचा डाग तिला दारातूनच दिसला, त्यावर बोलून झालं. मग मी पुडीचा कागद काढला आणि वाचून दाखवला. अबंडंटला ती हसली. शेवटच्या ओळीशी थांबून म्हणालो, 'ह्याचा अर्थ फाटलाय. ऑब्स्टिनेट.'

शेंगेतून अंगठा न काढता ती म्हणाली, 'तुझे अण्णा.'

मग हात पुसून तिने कागद माझ्याकडून घेतला आणि खिडकीकडे धरला. बराच वेळ बघत होती.

'मागचं गणित चुकलंय,' म्हणाली.