मंडळाची सहल आणि तिथीची पाऊणपट

आमच्या गिरगावातल्या चाळीचं मंडळ वर्षभर काही ना काही करत असे. गणपती तर होतेच, शिवाय कोजागरीचं दूध, संक्रांतीचं हळदीकुंकू, मे महिन्यात कॅरमच्या स्पर्धा. सगळं वेळच्या वेळी आणि नीटनेटकं व्हायचं, त्यामुळे त्यातलं फारसं काही आता कुणाला आठवत नाही. जुने चाळकरी कुठल्या लग्नात भेटले की विषय निघतो तो अलिबागच्या सहलीचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्गणी जमली, एसटीची कराराची गाडी ठरली, मार्गशीर्षातला एक रविवार जिन्याखालच्या फळ्यावर लिहूनही झाला. कुलाबा किल्ला बघायचा तर ओहोटी साधायला हवी. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरतीला चहूकडून पाणी. हे खातं चिटणीसकाकांकडे. ते मूळचे देवगडचे, समुद्राबद्दल दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. त्यांनी कोकणातला जुना हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशी, म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, तिथून सहा तासांनी, सव्वादोनला ओहोटी. आधी जेवण, मग किल्ला. हिशेब बिनचूक होता, हे आजही मान्य करायला हवं.

पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "एकादशीला मसालेभात? निम्मी चाळ उपाशी ठेवताय की काय?" सहल आठवडाभर पुढे गेली. फळ्यावरची तारीख पुसून नवी लिहिली. खालची भरतीची वेळ मात्र कुणी पुसली नाही.

त्या रविवारी होती वद्य तृतीया. नऊच्या सुमाराला अलिबागला उतरलो तर किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडलेली. काकांच्या हिशेबाने तेव्हा पाणी भरपूर असायला हवं होतं. पण काका खूशच झाले. "आत्ताच एवढं उतरलंय, दुपारपर्यंत तर ठणठणीत कोरडं!" आचाऱ्याला सुरूंच्या बनात चूल मांडायला सांगून सगळी वरात किल्ल्याकडे निघाली. एक घोडागाडीवाला ओरडून म्हणाला, "काका, पाणी चढतंय. लवकर फिरा." काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मला सांगतोय! देवगडचा आहे मी."

किल्ल्यात मन रमलंच. राघोजी आंग्र्यांनी बांधलेल्या देवळात गणेश पंचायतनाचं दर्शन झालं, अथर्वशीर्ष झालं. पोरं तटावरच्या चाकांच्या इंग्रजी तोफांवर चढून बसली. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर कशी, यावर खजिनदार आणि शाळामास्तर यांच्यात बराच वाद झाला. साडेअकराला दरवाजाशी आलो तेव्हा वाट गायब. दोन तरुण पँटी दुमडून उतरले ते मांडीपर्यंत भिजून परत आले.

मग सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी खिशातली डायरी काढली, पाहिली, परत ठेवली. शेवटी आजींनीच बोटांवर मोजलं. "अहो, आज तृतीया ना? तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला भरती!" त्यावर काका म्हणाले, "तुमच्या उपासामुळे झालं हे." वहिनी, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

मास्तरांनी संधी साधली. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून हल्ला केला तरी हा किल्ला पडला नव्हता, वगैरे. पोरांनी विचारलं, "पण त्यांना जेवायला काय होतं?" मास्तरांकडे उत्तर नव्हतं.

दुपारी वारा सुटला. पलीकडून एक होडी आली, पण पोरंबाळं आणि म्हाताऱ्यांना त्या लाटांवर न्यायला होडीवाला तयार होईना. जेवण मात्र आणून देतो म्हणाला. तासाभराने मसालेभाताचं पातेलं, जिलब्यांची पाटी आणि झाकणाला फडकं बांधलेला मठ्ठ्याचा हंडा असा सरंजाम डुलत डुलत आला. मठ्ठ्यात थोडं समुद्राचं पाणी गेलंच होतं. पत्रावळी पलीकडेच राहिल्या. मग हातावर भात, हातावर जिलबी. ज्या दोन बिऱ्हाडांचं नळाच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं, त्या बायका एकाच पातेल्याच्या झाकणात जेवल्या. हातावरच्या जेवणाला इलाज नव्हता, हे खरं. पण सोमवारी नळावर पुन्हा जुंपली, हेही खरं.

भेंड्या झाल्या, पत्ते झाले. खजिनदारांनी होडीचे जादा पैसे कोणत्या खात्यात टाकायचे ते तिथेच विचारलं. गुडघाभर पाण्यातून बाहेर पडलो तेव्हा अंधार झाला होता. एसटीचा ड्रायव्हर किनाऱ्यावर कंबरेवर हात ठेवून उभा. त्याला उरलेल्या जिलब्या दिल्या तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. चाळीत पोचलो मध्यरात्रीनंतर.

पुढच्या वार्षिक सभेत चिटणीसपदी काकाच आले, बिनविरोध. सहलीच्या ठिकाणाबाबत मात्र समुद्र नको, असं एकमताने ठरलं. कर्नाळ्याला गेलो. तिथे माकडांनी जिलब्या पळवल्या.