उडीमुंगी पाळताना कोशाशी अडलं ते असं सुटलं

राणी मिळाली, अंडी आली, अळ्या पोसल्या गेल्या, आणि कोश काही होईना. हार्पेग्नॅथस सॉल्टेटर, म्हणजे लांब जबड्यांची, टपोऱ्या डोळ्यांची आपल्या पश्चिम घाटातली उडीमुंगी, पाळताना माझं सगळं घोडं याच एका जागी अडलं. पहिल्या दोन राण्यांच्या मिळून अकरा अळ्या पूर्ण वाढून मेल्या. राणी कशी पकडायची, तिला ठेवायची काचेची ट्यूब कशी भरायची हे सगळे भरभरून सांगतात. कोशाबद्दल कुणी अक्षर काढत नाही. याचा राग अजून आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

कोश विणायला अळीला धागा अडकवण्यासाठी काहीतरी लागतं. रानात राणी पूर्ण वाढलेल्या अळीवर मातीचे कण रचून तिला झाकून टाकते. अळी आतून मान चहूकडे फिरवते, धागा कणाकणाला चिकटवते, आणि त्या आधारावर कोश उभा राहतो. मी विकत घेतलेल्या तयार मुंगीघराची जमीन आरशासारखी गुळगुळीत होती. विकणाऱ्याने "स्वच्छ ठेवा, आत काही टाकू नका" असं बजावलं होतं आणि मी ते पाळलं. परिणाम भिंगाखाली स्पष्ट दिसायचा: अळी खाणं सोडते, पिवळसर होते, लांब मान हवेत फिरवत राहते आणि धागा जमिनीवर सायीसारखा चकचकीत पापुद्रा होऊन पसरतो. राणी बिचारी रातकिड्यांचे पाय, पंखांचे तुकडे, मिळेल ते आणून अळीवर ठेवते. ते पुरत नाही. दोन-तीन दिवसांत अळी तपकिरी पडते आणि राणी ती खाऊन टाकते. हे बघून राणीच वाईट आहे असा समज होतो. राणीचा काही दोष नसतो.

कापूस देऊन पाहिला. देऊ नका, अळीच्या अंगावर बारीक गाठी असतात, त्यांत तंतू अडकतात. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, चौथ्या दिवशी बुरशी. सुताराकडचा भुसा चालतो, पण साध्या लाकडाचाच. प्लायवूडच्या भुशात डिंक आणि रसायनं असतात.

शेवटी चालली ती माती. राणी जिथे सापडली तिथलीच, किंवा जुन्या कोरड्या वारुळाची. चहाच्या बारीक गाळणीतून चाळायची, तव्यावर मंद आचेवर दहा मिनिटं परतायची म्हणजे त्यातले कोळी-किडे मरतात, आणि पूर्ण गार करायची. एका राणीला दीड चहाचा चमचा पुरते. अळ्यांवर ओतायची नाही; घराच्या कोरड्या कोपऱ्यात ढीग करून ठेवायची, राणी स्वतः कण उचलून नेते. वेळही महत्त्वाची आहे. अंडी असतानाच माती टाकली तर ती ओलावा धरते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. सर्वांत मोठी अळी सहा-सात मिलिमीटरची झाली की टाकायची.

पावसाळ्यात हेही बिघडतं. जुलैच्या हवेत माती दोन दिवसांत गोळा होते, आणि ओल्या गोळ्याखाली अळी गुदमरते. तेव्हा एकदम दीड चमचा न देता अर्धा-अर्धा चमचा, दर चौथ्या दिवशी ताजी परतलेली. जुनी काढताना अळ्यांच्या आसपासची सोडून द्यायची.

अळी झाकली गेली की तीन दिवस झाकण उघडायचं नाही. मला हे सर्वांत जड गेलं. हादरा बसला की राणी अर्धवट विणलेला कोश उचलून पळते आणि तो फाटतो. माझ्या तिसऱ्या राणीच्या पहिल्या अळीने दीड दिवसात कोश पूर्ण केला. राणीने वरचे कण एकेक करून काढले, खालून फिकट, मग हळूहळू तपकिरी होत जाणारा कोश निघाला. त्याच्या एका टोकाला काळा ठिपका दिसला: अळीने पोटातली घाण बाहेर टाकल्याची खूण. हा ठिपका दिसला की निम्मी लढाई जिंकली.

बाकीचं त्या मानाने सोपं. डोंगळ्यांसारख्या मुंग्यांची राणी ट्यूबमध्ये बंद राहून स्वतःच्या पंखांच्या स्नायूंवर पहिली पिल्लं वाढवते. ही तसं करत नाही, ही बाहेर पडून शिकार करते. त्यामुळे ट्यूबमध्ये ती उपाशी मरते. पंधरा बाय दहा सेंटिमीटरचा झाकणाचा डबा घ्या, तळाला दोन सेंटिमीटर प्लास्टर ऑफ पॅरिस (दोन भाग पावडर, एक भाग पाणी), त्यात चार बाय तीन सेंटिमीटरचा खळगा, वर काच आणि लाल जिलेटिन पेपर. उरलेली जागा शिकारीसाठी मोकळी. प्लास्टर दोन दिवस वाळू द्या, मग एकाच बाजूने सिरिंजने पाणी सोडा. ओली बाजू गडद दिसते. तापमान 24 ते 27 अंश. झाकण विसरू नका, ही मुंगी दहा सेंटिमीटरपर्यंत उडी मारते.

खाणं जिवंतच हवं, ही डोळ्यांनी हेरून शिकार करते. पाच ते आठ मिलिमीटरची रातकिड्याची पिल्लं, दोन-तीन दिवसांनी एक. मोठा रातकिडा टाकला तर तोच अळ्या कुरतडतो. उरलेलं त्याच संध्याकाळी काढा.

राणी ओळखणं फसवं आहे, कारण राणी आणि कामकरी मुंगी दिसायला जवळजवळ सारख्याच. सगळ्यात आधी राणी समजून आणलेली मुंगी कामकरी निघाली, महिना फुकट गेला. भिंगातून छातीच्या बाजूला पंख गळाल्याचे खुंट दिसले तरच राणी. हाताने धरू नका, डंख चांगलाच लागतो. बाटली पुढे धरून मऊ ब्रशने आत ढकला. आणि उघडं वारूळ खणू नका. दिवसा जमिनीवर एकटी फिरणारी राणी घ्या, तीही खासगी जमिनीत, मालकाला विचारून. अभयारण्यातून एकही नाही. देशाबाहेर पाठवायचा तर विचारही नको: 2025 मध्ये केनियातून राणीमुंग्या ट्यूबमध्ये भरून नेऊ पाहणाऱ्यांना कोर्टाने जबर दंड केला, आणि तो योग्यच होता.

अंड्यापासून मुंगीपर्यंत साधारण तीन महिने धरा. मध्ये राणी मेली तर वसाहत फेकू नका. या जातीत कामकरी मुंग्या मिश्यांनी (डोक्यावरच्या स्पर्शिकांनी) एकमेकींशी झुंजतात आणि जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. मात्र नराशी मीलन झालेलं नसेल तर त्यातून फक्त नरच निघतात.

पहिली कामकरी बाहेर आल्यावर रिकामा कोश कचरा समजून उचलू नका. 1994 मध्ये पीटर्स, हॉल्डॉब्लर, मॉफेट आणि मुश्ताक अली या मुंगी-अभ्यासकांनी या मुंगीच्या घरांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिथे कोशाच्या पट्ट्या कोठीच्या भिंतींना आतून चिकटवलेल्या होत्या. माझ्या डब्यात तिसऱ्या कोशापासून प्लास्टरच्या कडेला तसे तुकडे लागायला लागलेत.